धूर काढायचा खेळ

"इथं मार," भूपालअण्णा म्हणाले.

गाडीच्या बॉनेटवर मधोमध, हवा आत घ्यायला एक चौकोनी तोंड होतं. माणसाचं डोकं मावेल एवढं. त्यावर त्यांनी तळहात ठेवला होता.

"गाडी माझ्या हातात ऱ्हायली न्हाई असं तुला वाटलं, तर इकडंतिकडं बघायचं न्हाई. पाइपातलं पाणी थेट ह्या तोंडात. इंजिन पाणी प्यालं की तीन सेकंदांत गप हुतंय."

"आणि इंजिनाचं काय?"

"इंजिन जातंय. पाणी दाबलं जात न्हाई, मग आतले दांडे वाकत्यात." ते हसले. "नऊ वर्षांचं काम तीन सेकंदांत. पर मारायचं. तू हाईस म्हणून सांगतोय, मुल्लाणी. दुसऱ्या कुणाला हे तोंड दाखवलं नसतं."

मी मान हलवली.

दोन हजार सहाच्या जानेवारीतली ही गोष्ट. मी तेव्हा नगरपालिकेच्या अग्निशमन दलात लीडिंग फायरमन होतो. चोवीस वर्षं नोकरी झालेली. त्या दिवशी आमचा बंब माळावरच्या एका जुन्या धावपट्टीवर बंदोबस्ताला होता. साखर कारखान्याच्या चेअरमनांनी कधीकाळी स्वतःच्या लहान विमानासाठी ती बांधून घेतली होती. चेअरमन वारले, विमान विकलं गेलं, आणि आजूबाजूच्या गावांतले लोक पट्टीवर शाळू वाळत घालायला लागले. पुण्याच्या एका मोटार क्लबनं ती दोन दिवसांसाठी मागून घेतली होती. परदेशी गाड्या येणार म्हणून चार-पाच हजार माणूस जमलं होतं.

खेळाचं इंग्रजी नाव बर्नआउट. आमच्याकडच्या लोकांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं, धूर काढायचा खेळ. नाव बरोबरच होतं. पुढची चाकं ब्रेकनं धरून ठेवायची आणि मागची मोकळी सोडून इंजिनाची सगळी ताकद त्यांच्यात ओतायची. गाडी जागेवरच, पण मागची चाकं अशी फिरतात की टायर घासून जळायला लागतात. मग पुढचा ब्रेक सोडला की गाडी स्वतःच्या नाकाभोवती गरगर फिरते. टायर फुटेपर्यंत. संपला खेळ. ह्यात बघण्यासारखं काय आहे असं विचारणाऱ्याला मी काही सांगू शकणार नाही. त्यानं ते कधी जवळून बघितलेलं नसतं.

मी पहिल्यांदा बघितलं ते भूपालअण्णांच्या वर्कशॉपमागच्या काँक्रीटच्या बोळात.

भूपाल मगदूम म्हणजे आमच्या भागातला नावाजलेला टर्नर. आमच्या बंबाच्या पंपाचा कुठलाही भाग गेला की मी त्यांच्याकडं जायचो. कामाला जायचो आणि काम झाल्यावरही बसायचो, कारण शेडच्या कोपऱ्यात ती गाडी होती. अमेरिकेतली, सत्तर सालची, आठ सिलिंडरची. सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्यानं हौसेनं आणली, वर्षभरात कंटाळला आणि हळदीच्या गोदामात टाकून दिली. तिथं ती पंचवीस वर्षं पडून होती. अण्णांनी ती भंगार म्हणून आणली आणि नऊ वर्षं खपले. मिळत नाही तो भाग स्वतः लेथवर काढला. गाडीला रंग त्यांनी कधी दिला नाही. काळपट अस्तरावरच ती उभी असायची.

इंजिन पहिल्यांदा पूर्ण ताकदीनं चालवलं त्या रविवारी आम्ही तिघंच होतो. अण्णा गाडीत, मी भिंतीला टेकून, आणि त्रिशलावहिनी, अण्णांच्या पत्नी, शेडच्या दारात स्टुलावर. अण्णांनी पाय दाबला आणि डोक्यावरचे पत्रे थरथरायला लागले. आवाज कानानं ऐकला असं म्हणता येत नाही. तो बरगड्यांत शिरला. गाडी मागं दबली, दावं ताणणाऱ्या बैलासारखी, आणि चाकांखालून पहिला धूर आला तो पिवळा होता. सांदीकोपऱ्यांत बसलेली हळद उडत होती. मग पांढरा धूर, दाट, जमिनीलगत पसरत, भिंत चढत. चोवीस वर्षं मी धूर बघत आलो होतो. धूर म्हणजे कुणाचं तरी घर, कुणाची कडब्याची गंजी, कधी आतलं माणूस. ज्याच्या मागं नुकसान नाही असा धूर मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं.

गाडी थांबली तेव्हा मी वहिनींकडं बघितलं. एरवी मिक्सर लावला तरी कपाळाला आठी घालणारी बाई. त्यांनी कान झाकले नव्हते. पदर मांडीवर पडला होता, तोंड थोडं उघडं होतं.

"परत," त्या म्हणाल्या.

अण्णांना वाटलं, चेष्टा करत्यात.

"परत काढा की," त्या म्हणाल्या. त्यानंतर दर महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी आम्ही तिघं त्या बोळात असायचो.

धावपट्टीवर त्या दुपारी पुण्याच्या गाड्यांनी आधी धूर काढला. लाल, पिवळ्या, चकचकीत गाड्या. मालक हातमोजे घालून बसलेले. एक मिनिट फिरवायची, टायर पूर्ण जायच्या आत थांबायचं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. ट्रॅक्टरच्या टपावर उभं राहून पोरं नाचली. शेवटी अण्णांचं नाव पुकारलं.

खेळाची जागा म्हणजे पट्टीच्या टोकाचं चौकोनी काँक्रीट. एका बाजूला आमचा बंब. पाइपावर शिवगोंडा, माझा दहा वर्षांपासूनचा जोडीदार, आणि त्याच्याशेजारी मी लाल निशाण घेऊन. मी निशाण टाकलं की पाणी सुटायचं, असा नियम. समोर, काँक्रीटच्या पलीकडं, दोरीमागं गाडीवाल्यांची घरची माणसं. तिथं हिरव्या साडीत वहिनी उभ्या होत्या. बाकी सगळे खाली पोत्यांवर बसले होते. त्या एकट्याच उभ्या.

अण्णांनी क्लबचं हेल्मेट घातलं, समोरून उघडं असतं तसलं. गाडीच्या काचा काढलेल्या होत्या. स्टिअरिंग डावीकडं. जाता जाता त्यांनी खिडकीतून मला बोट दाखवलं.

मला आठवतं ते हे, की वारं पडलं. दिवसभर माळावर भणाण वारं होतं आणि अण्णांनी इंजिन चढवलं तसं ते थांबलं. धूर निघाला आणि बाजूला न जाता सरळ वर गेला, चिमणीतून जावा तसा. रबराच्या जळक्या वासात हळदीचा वास मिसळला होता. अजूनही. जळलेल्या रबराचे बारीक काळे कण आमच्या खांद्यांवर पडत होते. अण्णांनी पुढचा ब्रेक सोडला. गाडी उजवीकडं फिरायला लागली, एकदा मोठा फेरा, एकदा लहान, मध्येच उलटा झटका. लोक ओरडत होते. अण्णा त्यांना खेळवत होते.

मग फेरे सारखे झाले.

एकावर एक. कंपासानं काढल्यासारखे. काँक्रीटवर एकच काळी रेघ उमटली आणि चाकं तिच्यावरनं सुटेनात. इंजिनाचा आवाजही चढेना की उतरेना, एका सुरात लागून राहिला. असं कुणी आधी बघितलं नव्हतं. पुण्याच्या गाड्यांचे मालक दोरीपर्यंत पुढं आले. हळूहळू लोकांचं ओरडणं कमी झालं, आणि मग थांबलंच. पाच हजार माणूस गप. मागं उसाच्या फडाकडं कुत्री भुंकत होती, तीही गप झाली. त्या माळावर फक्त तो एक आवाज होता.

पुढचं मी रिपोर्टात लिहिलं ते असं: "चालकाने सुमारे पावणेदोन मिनिटे प्रात्यक्षिक केले. धुराचे प्रमाण अतिशय असल्याने चालकाची स्थिती बाहेरून दिसत नव्हती. मागील दोन्ही टायर फुटल्यानंतर निशाण टाकून पाण्याचा मारा करण्यात आला व इंजिन बंद झाले. चालक निपचित अवस्थेत आढळला."

टायर फुटले, नुसत्या रिंगा काँक्रीटवर घासायला लागल्या, ठिणग्यांचं कारंजं उठलं, तेव्हा मी निशाण टाकलं. शिवगोंडानं पाणी बरोबर त्या चौकोनी तोंडात मारलं. आतनं एकच ठोका ऐकू आला, मोठा, आणि गाडी मेली. मग टाळ्या सुरू झाल्या. लोकांना वाटलं, पाणीसुद्धा खेळातलंच आहे.

मी पळत गेलो. गाडीची आतनं भट्टी झाली होती. दाराची कडी धरली तर हातमोज्यातनं चटका बसला. अण्णांची छाती स्टिअरिंगवर टेकून ते वळलेल्या जागी अडकलं होतं. उजवा पाय ताठ होऊन पेडलवर रुतला होता. डोळे उघडे. बोटं सोडवायची म्हणून मी हातमोजा काढून त्यांचा हात धरला, आणि तो गार होता. त्या भट्टीत. नुसता घामानं गार नाही. मी नोकरीत कितीतरी माणसं बाहेर काढली आहेत. माणूस किती वेळानं किती गार होतो ते माझ्या हाताला कळतं. तो हात सकाळपासूनचा गार होता.

स्ट्रेचर गाडीत घालेपर्यंत टाळ्या चाललेल्या होत्या.

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "साधारण किती वाजता झालं?"

"सव्वाचार," मी म्हणालो.

"नक्की?"

"धूर होता."

त्यानं ते लिहून घेतलं. मी हाताचं विचारलं. तो म्हणाला, हृदयाचा झटका आला की रक्त हातापायांत पोचत नाही, हात गार पडतात. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "मोठा झटका होता. लगेच काढला असता तर वाचले असते का, हे मी सांगू शकत नाही. मनाला लावून घेऊ नका." शिवगोंडा माझ्याशेजारीच उभा होता. त्या महिन्यात त्यानं दुसऱ्या पाळीत बदली मागून घेतली.

महिन्याभरानं वहिनींचा निरोप आला, वर्कशॉपवर येऊन जा म्हणून. मी दुपारी गेलो. लेथ झाकून ठेवलेले. गाडी परत तिच्या कोपऱ्यात होती, मागची चाकं काढून विटांवर टेकवलेली. वहिनींनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि त्या त्यांच्या स्टुलावर बसल्या.

"रिपोर्ट बघितला मी," त्या म्हणाल्या. "धुरामुळं दिसलं न्हाई, असं लिहिलंय तुम्ही."

"व्हय."

"वारं पडलं होतं, भाऊ. धूर सरळ वर चालला होता. खाली सगळं मोकळं होतं."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"मी पलीकडं उभी होते," त्या म्हणाल्या. "मला दिसत होतं, म्हणजे तुम्हालाही दिसत असणार. काय दिसलं ते सांगा. मी भांडायला बोलावलेलं न्हाई, आणि कुणापाशी बोलणारही न्हाई. मला ऐकायचंय फक्त."

मी त्यांना सांगितलं. आजपर्यंत दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

फेरे सारखे झाले तेव्हा दर फेऱ्याला अण्णांची खिडकी एकदा माझ्यासमोर यायची. पहिल्या खेपेला अण्णा हसत होते, माझ्याकडंच बघत. मीही हसलो. दुसऱ्या खेपेला तेच हसू. मला बरं वाटलं, की एवढ्या वेगातही माणूस आपल्याला शोधतोय. तिसऱ्या खेपेला परत तेच. ओठ तेवढेच वर, मान तेवढीच कलती, डोळे माझ्या जरा वरनं कुठंतरी. जित्या माणसाचं तोंड दोन वेळा सारखं दिसत नाही. ते मला माहीत आहे, ते माझं कामच आहे. मला त्याच क्षणी कळलं.

"मग?" वहिनी म्हणाल्या.

"शिवगोंडानं विचारलं, साहेब, मारू काय? त्यालाही कळलं असणार. मी म्हटलं, थांब."

"का?"

"इंजिन जाईल म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलोय."

"आणि खरं काय?"

मी गाडीकडं बघितलं. मग सांगितलं. की ते फेरे तुटू नयेत असं मला वाटत होतं. असा फेरा कुठला जिता माणूस काढू शकला नसता. त्याचा हात दमला असता, मन हललं असतं, लोकांकडं लक्ष गेलं असतं. त्या गाडीला आता कुणी चालवत नव्हतं आणि म्हणूनच ती एवढी नीट चालत होती. ते तोंड येत होतं, जात होतं, येत होतं. मला डोळे हलवता येत नव्हते. शिवगोंडानं परत विचारलं. मी परत थांब म्हटलं. मी मनात फेरे मोजत होतो. टायर फुटले नसते तर मी निशाण कधी टाकलं असतं, मला माहीत नाही.

एवढं बोलून झाल्यावर मी खाली बघत राहिलो. बाई आता रडतील, नाहीतर मला हाकलून देतील, दोन्हीची तयारी होती. बाहेर शेजारच्या फौंड्रीत जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला.

"आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या छातीत दुखलं होतं," वहिनी म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात. "पित्त म्हणाले. सकाळी निघताना माझ्या हातातनं किल्ल्या घेतल्या तर हात गार लागला. दवाखान्यात गेलो असतो तर दोन तासांचं काम होतं."

"त्यांनी ऐकलं नसतं, वहिनी."

"ऐकलं असतं. माझं ऐकायचे. मी म्हटलंच न्हाई." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "बोळात बघायची मी. पत्रे, भिंती, सगळं अडायचं. मोकळ्या जागेत बघायचं होतं मला. एवढ्या लोकांसमोर."



"तिथं पण," त्या म्हणाल्या, "मी नुसती हाक मारली असती तरी तुम्ही निशाण टाकलं असतं. लोक गप होते. टाचणी पडली असती तर... न्हाई, इंजिन होतं. पण हात हलवला असता, दोरीखालनं आत आले असते. काहीही केलं असतं. पोत्यावरच्या बायका वर बघून म्हणाल्या, बसा की आता. मी उभीच."

मला त्यांच्याकडं बघवेना. त्या मात्र माझ्याकडं बघत होत्या.

"मोजले म्हणालात," त्यांनी विचारलं. "कळल्यापास्नं किती झाले?"

"अकरा."



"बारा," त्या म्हणाल्या.

मी मनात परत मोजले. माझे अकराच होते, आजही अकराच आहेत. घरी जाताना, पुलावर आल्यावर मला उमगलं. त्यांना माझ्या आधी कळलं होतं. फेरे सारखे झाले तेव्हा अण्णांची खिडकी आधी त्यांच्यासमोर आली होती, आणि मग माझ्यासमोर.